२२ वर्षांची नोकरी आणि तयार ठेवलेले राजीनामापत्र

ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशन केंद्रात चाळिशी-पन्नाशीतली जी माणसे येतात, त्यांच्यापैकी अनेकांच्या मनात एकच प्रश्न असतो : इतकी वर्षे एका ठिकाणी काढल्यावर, आता केवळ जीव थकला म्हणून चालू नोकरी सोडणे शहाणपणाचे आहे का? हा प्रश्न कधी घरचे विचारतात, कधी माणूस स्वतःलाच विचारतो, आणि बहुतेकांना त्याचे एका शब्दात उत्तर हवे असते. मी ते देत नाही, कारण आपण नक्की काय सोडू पाहत आहोत हे विचारणाऱ्याला त्या घडीला बहुधा ठाऊक नसते. ते शोधण्यासाठी काय काय करावे लागते, हे एका गृहस्थांच्या अनुभवावरून सांगते. लिहिण्यासाठी त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्यांचे वय ४९. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या एका औषधनिर्मिती कंपनीत ते २२ वर्षे नोकरीला होते आणि गुणवत्ता हमी विभागाचे, म्हणजे ‘क्यूए’चे, प्रमुख होते. तयार झालेल्या प्रत्येक बॅचची कागदपत्रे तपासायची, कुठे ठरलेल्या पद्धतीपेक्षा वेगळे काही घडले असेल तर त्याची चौकशी पूर्ण करून घ्यायची, आणि मगच माल बाहेर पाठवण्यासाठी सही करायची, असे ते काम. घोडबंदर रस्त्यावर त्यांचे घर आहे, त्याच्या कर्जाची सहा वर्षे बाकी होती. मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आणि पत्नी शाळेत शिक्षिका.

एके सकाळी ते नेहमीप्रमाणे ठाण्याहून वाशीच्या गाडीत बसले. रबाळे आले, दार समोरच होते, पण ते उठले नाहीत. घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे मागे पडत गेली आणि वाशीला उतरून ते दुपारपर्यंत फलाटावरच्या बाकावर बसून राहिले. त्या रात्री त्यांनी राजीनामापत्र लिहिले. पत्नीच्या ते नजरेस पडले, आणि दोघे माझ्याकडे आले. त्यांचे पहिले वाक्य होते, “मॅडम, पत्र तयार आहे. पाठवू की नको, एवढंच सांगा.”

मी त्यांना म्हणाले की पत्र फाडू नका आणि पाठवूही नका; आधी तब्येत तपासून घेऊ. हे मी जवळजवळ प्रत्येकाला सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये रोगांच्या आपल्या अकराव्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद केली, तीही आजार म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित अवस्था म्हणून. दीर्घकाळचा आणि नीट न हाताळला गेलेला कामाचा ताण हे तिचे मूळ, आणि तिच्या खुणा तीन : शक्ती पार संपल्याची भावना, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटणे. या गृहस्थांत तिन्ही दिसत होत्या. परंतु थायरॉइडची कमतरता, ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, झोपेत श्वास अडण्याचा विकार किंवा नैराश्य यांतही माणूस असाच गळून जातो. नोकरी सोडल्याने थायरॉइड बरा होत नाही, आणि नैराश्य तर रिकाम्या घरात अधिक गडद होण्याची भीती असते. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेल्या एका बाईंनी असाच राजीनामा देण्याचे ठरवले होते. तपासणीत त्यांचे नैराश्य पुष्कळ जुने निघाले, औषधोपचार व समुपदेशन सुरू झाले, आणि आज त्या त्याच कार्यालयात समाधानाने काम करतात.

रक्ताच्या तपासण्यांना हे गृहस्थ लगेच तयार झाले, पण मनोविकारतज्ज्ञांचे नाव काढताच गप्प बसले. ठाण्यातले प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासूनचे. ‘याला ठाण्याला पाठवा’ ही थट्टा महाराष्ट्रभर चालते, आणि ती ऐकत ठाण्यातच लहानाच्या मोठ्या झालेल्या माणसाला ती पायरी चढणे किती जड जाते, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. ही थट्टा माणसांना उपचारापासून दूर ठेवते, म्हणून ती मला कधीच निरुपद्रवी वाटली नाही. शेवटी पत्नी सोबत गेल्या. नैराश्य ओळखण्यासाठी गेल्या दोन आठवड्यांविषयी विचारणारी नऊ प्रश्नांची जी प्रश्नावली वापरतात, तिचा शेवटचा प्रश्न जिवाला अपाय करून घेण्याच्या विचारांविषयी असतो. तसे विचार त्यांच्या मनात नव्हते, हे स्पष्ट झाल्यावर माझी एक मोठी काळजी मिटली. (ज्यांच्या मनात असे विचार येतात त्यांनी राजीनाम्याचा प्रश्न बाजूला ठेवावा आणि त्याच दिवशी कोणाशी तरी बोलावे, केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते.) तज्ज्ञांच्या मते त्यांना नैराश्याचा आजार नव्हता; ब-१२ मात्र कमी होते आणि झोपेची घडी पूर्ण विस्कटली होती. त्यांनी तीन आठवड्यांची रजा घ्यायला सांगितले.

शिल्लक रजा भरपूर असूनही ती मागण्याचा त्यांना संकोच वाटत होता. पहिला आठवडा ते झोपले. दुसऱ्या आठवड्यात सकाळी उपवन तलावापर्यंत चालत जाऊ लागले, तिसऱ्यात जेवताना मुलाशी गप्पा मारू लागले. पत्नीला वाटले, संकट टळले. विश्रांतीच हवी होती, आता राजीनाम्याचे नाव नको. मात्र कामावर रुजू होऊन पंधरा दिवसही झाले नाहीत, तोच त्यांची झोप पुन्हा उडाली.

घरच्यांना हा अपयशाचा क्षण वाटला, पण माझ्या दृष्टीने सर्वांत उपयोगाची माहिती इथेच मिळाली. रजेने जे भरून निघाले तो थकवा होता. रजेनंतर इतक्या लवकर जे परतले ते दुसरेच काही होते. मी त्यांना रोज संध्याकाळी वहीत एकच गोष्ट लिहायला सांगितली : आज कोणत्या प्रसंगानंतर अंगातले त्राण गेले? मन कसे होते हे लिहायचे नाही, फक्त प्रसंग, वेळ आणि समोर कोण होते ते.

वही वाचताना त्यांनाही आश्चर्य वाटले. आपण जादा तासांनी, प्रवासाने आणि ऑडिटच्या, म्हणजे कारखान्याच्या गुणवत्ता-तपासणीच्या, दगदगीने खचलो आहोत, अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात ऑडिटचे दिवस वहीत जवळजवळ नव्हतेच. त्या दिवशी रात्री नऊला घरी येऊनही ते उत्साहात असत. वहीत पुन्हा पुन्हा येत होता तो एकच प्रसंग : चौकशी अपुरी असताना ‘आज माल निघालाच पाहिजे’ असा आग्रह, आणि त्यांच्या पेनाकडे लागलेले सगळ्यांचे डोळे. दोन वर्षांपूर्वी विभागातली तीन माणसे सोडून गेली, त्यांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत, आणि उत्पादन विभागाचा शब्द वरचढ झाला. औषधनिर्मितीच्या नियमांतील ‘शेड्यूल एम’नुसार गुणवत्तेची तपासणी उत्पादनापासून स्वतंत्र असावी लागते, आणि त्यांची सारी कारकीर्द त्याच शिस्तीत घडली होती. अपुऱ्या चौकशीवर त्यांनी एकदाही सही केली नाही. पण सही न करण्यासाठी रोज भांडावे लागणे, हेच त्यांचे काम होऊन बसले होते.

बर्नआउटच्या अभ्यासात क्रिस्टिना मॅसलॅक आणि मायकेल लायटर यांनी माणूस आणि नोकरी यांचे जिथे बिनसते अशा सहा जागा सांगितल्या आहेत : कामाचा भार, कामावरचे नियंत्रण, मोबदला, सहकाऱ्यांचे संबंध, न्याय आणि मूल्ये. मला ही मांडणी व्यवहारात फार उपयोगी पडते, कारण प्रत्येक जागेवरचा उपाय वेगळा असतो. भार रजेने किंवा जादा मनुष्यबळाने हलका होऊ शकतो. मोबदल्याची तक्रार पगारवाढीने मिटू शकते. पण मूल्यांशी रोज झगडा होत असेल तर रजा आणि पगार दोन्ही तोकडे पडतात. ‘नोकरी सोडू का?’ याच्या आधी ‘सहांपैकी कुठे बिनसले आहे, आणि ती जागा इथेच दुरुस्त होऊ शकते का?’ हे विचारावे, असे माझे मत त्यामुळेच बनले आहे.

ती दुरुस्त होते का, हे मागणी केल्याशिवाय कळत नाही. आपल्याकडे २२ वर्षे निष्ठेने राबलेला माणूस मागणी न करता थेट राजीनामा देतो, असे मी अनेकदा पाहते; मागणे त्याला कमीपणाचे वाटते. या गृहस्थांनी दोन गोष्टी लेखी मागाव्यात असे ठरले : रिकाम्या जागा भरण्याची तारीख, आणि चौकशी पूर्ण होईपर्यंत बॅच रोखण्याचा अधिकार त्यांच्याच विभागाकडे राहील अशी हमी. काय बोलायचे याचा सराव आम्ही केंद्रात केला, कारण रागाच्या भरात बोललेले कंपनीच्या लक्षात राहते आणि मागणी बाजूला पडते. महिनाभराने उत्तर आले : मनुष्यबळाचा प्रश्न पुढील आर्थिक वर्षात पाहू, तूर्त तुमचा पगार वाढवतो. ते खिन्न होऊन आले होते, पण त्यांच्या मनातला गोंधळ संपला होता. त्यांनी जी तक्रार केलीच नव्हती तिचे उत्तर मिळाले होते, आणि जी केली होती तिच्याविषयी कंपनी काही करणार नव्हती.

त्यानंतरची बैठक पत्नीसह झाली आणि ती मुख्यतः हिशेबाची होती. भीती मोघम असते तोवर ती अमर्याद वाटते. तिला आकडे दिले की निदान तिचा आकार कळतो. ग्रॅच्युइटीचे १९७२ च्या कायद्यापासून चालत आलेले सूत्र असे : मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या शेवटच्या मासिक बेरजेला २६ ने भागायचे, १५ ने गुणायचे, आणि सेवेच्या वर्षांनी पुन्हा गुणायचे. ही बेरीज ६०,००० धरली तर २२ वर्षांचे सुमारे ७ लाख ६१ हजार होतात. भविष्य निर्वाह निधीची रक्कम काढायची नाही असे दोघांनी ठरवले. १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेत दहा वर्षांची सेवा पूर्ण असल्याने ५८ व्या वर्षापासूनचे पेन्शन राजीनाम्याने बुडणार नव्हते. लोक हमखास विसरतात ती गोष्ट म्हणजे आरोग्य विमा. नोकरीबरोबर कंपनीचा गटविमा संपतो, आणि नव्या वैयक्तिक पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. म्हणून गटविम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची चौकशी नोकरीत असतानाच करावी लागते. पत्नीने शेवटी जे सांगितले ते मी टिपून ठेवले आहे : “वर्षभर मी ओढू शकते. पण त्यानंतर काय, हे दोघांनी मिळून बघायचं, एकट्यानं ठरवायचं नाही.” माझ्या मते राजीनाम्याचा निर्णय त्या वाक्याने शक्य झाला.

प्रत्येक घरात असे वाक्य बोलता येत नाही, याची मला जाणीव आहे. एकटा कमावता, आजारी आईवडील, मोठे कर्ज असेल तर काही काळ टिकून राहणे हाच योग्य निर्णय असू शकतो. अशा वेळी आम्ही टिकण्याची मुदत ठरवतो आणि त्या मुदतीत दुसरे काम शोधणे, रजा नियमित घेणे, रात्रीचे फोन बंद ठेवणे अशा गोष्टी पक्क्या करतो. मुदत नसलेले सहन करणे मी कोणालाही सुचवत नाही.

त्यांनी राजीनामा दिला; पत्र जुने नव्हते, नव्याने चार ओळींत लिहिले होते. तीन महिन्यांच्या नोटीस काळात झोप सुधारली. खरा कठीण काळ त्यानंतर आला, आणि त्याविषयी पुरेसे बोलले जात नाही. २२ वर्षे ‘अमुक कंपनीतले’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माणसाला सोमवारी सकाळी सोसायटीच्या फाटकाशी कोणी “काय, रिटायर झालात?” असे विचारले की तो आतून हलतो. त्यांनी काही दिवस बाहेर पडणेच टाळले. हा पश्चात्ताप आहे, म्हणजे निर्णय चुकला, असे त्यांना वाटू लागले होते. आम्ही त्याला शोक म्हणून पाहिले : ज्या जागेसाठी आयुष्यातली उमेदीची वर्षे दिली ती गमावल्याचे दुःख निर्णय बरोबर असला तरी होतेच, आणि त्याला वेळ द्यावा लागतो.

काही महिन्यांनी त्यांना एका लहान कारखान्यात काम मिळाले. पगार आधीपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी आहे. मुलाखतीत पगाराच्या आधी त्यांनी विचारले की बॅच रोखण्याचा अंतिम अधिकार कोणाकडे असेल, आणि उत्तर लेखी घेतले. ऑडिटच्या हंगामात तिथेही उशीर होतो, दमायलाही होते. मुलाच्या शेवटच्या वर्षाची फी भरेपर्यंत आपली काळजी पूर्ण जाणार नाही, असे त्यांच्या पत्नीने मला सांगितले आहे, आणि ती काळजी रास्त आहे. म्हणून दर तीन महिन्यांनी दोघे हिशेबाची वही घेऊन बसतात, आणि हे काम पुढे ठेवायचे का, हा प्रश्नही त्याच बैठकीत विचारायचा असे त्यांनी ठरवले आहे.