चिरा उन्हात तापू दे, मगच भिंत चढव

गोव्यात पेडण्याला घर बांधतोयस, तर आधी जमिनीची सनद (जमीन घरासाठी वापरायची सरकारी परवानगी) हातात घे, मगच पाया खण. त्यावर जास्त बोलत नाही.

चिऱ्याबद्दल, म्हणजे भिंतीच्या जांभ्या दगडाबद्दल, मात्र नीट ऐक. खाणीतून नुकताच काढलेला चिरा मऊ असतो, हवा-ऊन लागलं की घट्ट होतो. म्हणून गाडीतून उतरवला तसाच भिंतीत लावू नकोस, काही आठवडे उघड्यावर रचून ठेव. दोन चिरे एकमेकांवर आपट, खणखणीत वाजले पाहिजेत. पांढरट मातीचे डाग जास्त असतील तर सरळ परत पाठव, गवंडी कितीही म्हणो, "चालतंय". आमच्या मागच्या भिंतीत असेच चिरे गेले, दर पावसाळ्यात तिथेच ओल येते. अजून जीव तुटतो.

आपल्याकडे वर्षाला 3000 मिमीच्या आसपास पाऊस. छपराची वळचण भिंतीपासून अडीच-तीन फूट बाहेर काढ, जोतं उंच घे. स्लॅबला पाणी किमान 7 दिवस, मिश्र सिमेंट (राख किंवा स्लॅग मिसळलेलं) असेल तर 10. समुद्र जवळ असेल तर सळीवरचं कव्हर, म्हणजे तिच्याभोवतीचा काँक्रीटचा थर, अजिबात कमी होऊ देऊ नकोस, खाऱ्या हवेने सळी गंजून काँक्रीट फुटतं. ओतकामाच्या दिवशी रजा काढ आणि स्वतः उभा राहा.