कोल्हापुरात राहतो. कॅम्परव्हॅनचा फायबरचा कोपरा घाटात फांदी लागून फुटला. घरी दुरुस्त होईल का?

होईल, पण नुसती पुट्टी भरून रंग मारू नका. गाडी हादरली की तडा परत वर येतो. आधी आजूबाजूला बोटाने दाबून बघा. पोचट लागलं तर आतला थरही सुटलाय. तेवढं सगळं घासून काढा, कडा निमुळत्या करा, ॲसिटोनने पुसा. मग फायबर मॅटचे तुकडे पॉलिएस्टर रेझिनमध्ये भिजवून थरावर थर बसवा आणि ब्रशने टोचत हवेचे पांढरे बुडबुडे काढा. रेझिन घट्ट करणारा हार्डनर त्यात आधी मिसळायचा, रेझिनच्या साधारण १ ते २ टक्केच. हार्डनर आणि कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात ते द्रावण) थेट एकत्र कधीच ओतू नका, भडका उडतो! मास्क, चष्मा, हातमोजे हवेतच. आपल्याकडचा पावसाळी दमटपणा फार नडतो, म्हणून चांगली उघडीप बघूनच काम काढा. तोवर फट टेपने बंद ठेवा. शेवटी जेलकोट, म्हणजे वरचा गुळगुळीत संरक्षक थर द्या.