सातव्या सिम्फनीचं पुस्तक परत उघड

प्रिय मुली,

तुझा मेसेज काल रात्रीच वाचला, पण फोनवर एवढं टाइप करायचा कंटाळा, म्हणून आत्ता सकाळी चहा घेऊन लॅपटॉपवर बसलोय. कॉलेजातला तो मित्र म्हणाला की अरेंजमेंट, म्हणजे दुसऱ्या वाद्यांचं पियानोवर बसवलेलं, वाजवणं म्हणजे कराओके, खरे पियानिस्ट पियानोसाठी लिहिलेलंच वाजवतात, आणि तू लगेच बेथोव्हनच्या सातव्याचं पुस्तक मिटून ठेवलंस? एवढ्यावरून? त्याला सांग, पियानिस्ट-संगीतकार लिस्टने बेथोव्हनच्या ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेल्या नऊच्या नऊ सिम्फन्या एकट्या पियानोवर उतरवल्यात, १८३७ च्या सुमारास हात घातला आणि पुरं व्हायला १८६५ उजाडलं. आणि रेकॉर्ड नव्हत्या तेव्हा व्हिएन्नाबाहेरच्या माणसाला सिम्फनी कळायची कशी, तर घरच्या पियानोवर दोघं शेजारी बसून चार हातांनी वाजवायचे तेव्हा. ब्राम्सचे हंगेरियन डान्सेस तर मुळात चार हातांसाठीच लिहिलेत, ऑर्केस्ट्रा मागाहून आला.

पण खरं सांगू, रागवू नकोस, मागच्या रविवारी तू सातव्यातला दुसरा भाग (मूव्हमेंट), अ‍ॅलेग्रेटो वाजवलंस ते मलाही थोडं कराओकेच वाटलं. चुका नव्हत्या गं. पण कुठलं वाद्य वाजतंय तेच कळत नव्हतं.

पहिलाच ए मायनर कॉर्ड, म्हणजे सुरांचा गुच्छ, घे. तो ओबो, क्लॅरिनेट, बॅसून, हॉर्न या फुंकायच्या वाद्यांचा आहे, जोरात सुरू होतो आणि विरत जातो. ऑर्केस्ट्रात त्यासाठी सगळ्यांना श्वास सांभाळावा लागतो, पियानोवर तो आपोआप विरतो, फुकटात मिळतंय की! आणि तू काय करतेस, दोन सेकंदही न थांबता पुढे पळतेस. विरू दे त्याला. मग खालून व्हायोला, चेलो, डबल बेस ही खालच्या सुरांची तंतुवाद्यं येतात, व्हायोलिनं अजून गप्पच आहेत. ठेका असा, लांब, छोटा-छोटा, लांब-लांब, आणि सुरुवातीला वरचा सूर जवळजवळ हलतच नाही, ई, ई, ई. तू प्रत्येक ई सारख्याच जोराने हाणतेस, टाइपरायटरसारखा. खाली कॉर्ड बदलतायत ना, त्यांच्याकडे कान दे, मग तोच ई दर वेळी वेगळा लागतो.

आणि स्पीड. बेथोव्हनने स्वतः क्रॉचेट ७६, म्हणजे मिनिटाला ७६ ठोके, लिहून ठेवलंय. मी तुझ्या वयाचा असताना एका कार्यक्रमात हेच वाजवलं होतं, पन्नासच्या आसपास, कारण मला वाटायचं एवढं गंभीर म्हणजे प्रेतयात्राच. संपल्यावर पहिल्या रांगेतले एक म्हातारे गोवेकर अंकल उठून आले, आयुष्यभर व्हायोला वाजवलेले, बोलले काहीच नाहीत, फक्त माझ्या खांद्यावर दोन बोटांनी तो ठेका वाजवून दाखवला, माझ्यापेक्षा दीडपट वेगात, आणि चहाकडे गेले. खांद्याला अजून आठवतंय ते. १८१३ च्या डिसेंबरात व्हिएन्नात ही सिम्फनी पहिल्यांदा वाजली तेव्हा लोकांनी हीच मूव्हमेंट तिथल्या तिथे परत वाजवायला लावली होती, रखडत वाजवली असती तर कोणी मागितली असती का?

आता खरी मेख. दुसऱ्यांदा थीम, म्हणजे मुख्य सुरावट, येते तेव्हा ती सेकंड व्हायोलिनांकडे जाते आणि खाली व्हायोला-चेलो एक वेगळीच लांब सुरावट काढतात, माझ्या मते आख्ख्या मूव्हमेंटचा जीव तिथे आहे. तुझ्या पुस्तकात ती अर्धी कापलीये आणि बदल्यात डाव्या हातात जाडजूड ऑक्टेव्ह, म्हणजे तोच सूर दोन सप्तकांत एकदम, भरलेत, भारी वाटावं म्हणून. ते ऑक्टेव्ह काढून टाक, एकच सूर ठेव, आणि त्या मोकळ्या झालेल्या बोटांनी ती चेलोची ओळ परत आण. परवानगी कसली विचारतेस, अरेंजरनेही आपल्या मनानेच गाळलंय ना! फुल स्कोर, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या ओळींची प्रत, नेटवर फुकट मिळतो, तो शेजारी ठेव आणि पेन्सिलने प्रत्येक ओळीवर लिही, व्हायोला, ओबो, हॉर्न. लिस्टही आपल्या प्रतीत वाद्यांची नावं लिहायचा.

एक गोष्ट मात्र पियानोला जमत नाही, धरलेला सूर वाढवणं. चेलोवाला बो ओढत सूर फुगवू शकतो, आपला सूर दाबल्या क्षणापासून मरायला लागतो. तुझ्या आजोबांची पेटी आठव. पेटीवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघतच नाही, तरी नाट्यपद ओळखू येतं की नाही, कारण ते कण (शेजारच्या सुराचा निसटता स्पर्श) घेऊन, सूर जरा धरून-सोडून गळ्याचा भास करतात. तसंच आपलं. लांब सूर विरतोय तशी साथ त्याच्याही खाली ने, आणि पुढचा सूर जिथवर आधीचा उतरलाय तिथून उचल, एकदम ठणकन नको. हे जमायला मला काही वर्षं लागली, तुला काही महिने लागले तर कुरकुर करू नकोस.

आणि वेळ मिळाला तर बाखची शाकोन दोन तऱ्हांनी ऐक. मूळ एकट्या व्हायोलिनसाठी. पियानिस्ट बुसोनीने तिचा पियानोवर राजवाडा बांधलाय, दोन्ही हात भरून, आणि ब्राम्सने १८७७ मध्ये ती फक्त डाव्या हातासाठी लिहिली, कारण त्याला व्हायोलिनवाल्याची ती ओढाताण, थोड्याशा साधनांत सगळं बसवायची धडपड, तीच हातात हवी होती. त्याची पियानिस्ट मैत्रीण क्लारा शूमनला पाठवली तर नेमका तिचा उजवा हात तेव्हा दुखावलेला! मला दोन्ही आवडतात, पण रात्री एकटा असलो की ब्राम्सचीच वाजवतो.

पाखेलबेलच्या कॅननबद्दल विचारलंयस, लग्नात वाजवायचाय म्हणून. वाजव की. बेसचे तेच आठ सूर अठ्ठावीस वेळा येतात, त्यामुळे सूर लांबवणारं पेडल दाबून बसलीस तर चौथ्या फेरीला खिचडी होईल, एवढं सांभाळ. बाकी तिथे लोक जेवत असतात.

या रविवारी नको येऊस, पुढच्या रविवारी ये. पावसामुळे माझ्या पियानोची एक पट्टी दाबली की वरच येत नाहीये, आणि ती नेमकी ई ची आहे. ट्यूनर गुरुवारी येतो म्हणालाय. तोपर्यंत पेन्सिलचं काम उरकून ठेव.

तुझा सर