प्रेपची गोळी फुकट, मग तपासण्यांचं बिल कसलं?

प्रश्न: मी न्यू जर्सीत एच-१बी व्हिसावर नोकरी करतो. एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून डॉक्टरांनी प्रेप सुरू केलं आहे. गोळीला पैसे पडत नाहीत, पण दर तीन महिन्यांच्या रक्ततपासणीचं आणि व्हिजिटचं मिळून ३४० डॉलरचं बिल आलं. विमा कंपनी म्हणते, डिडक्टिबल (विमा लागू होण्याआधी वर्षभरात स्वतः भरायची रक्कम) बाकी आहे. कोर्टाने ही सवलतच काढली असंही ऐकलं. अपील केलं तर ऑफिसात कळेल का? गोळी बंद करावी असं वाटू लागलंय.

उत्तर: गोळी बंद करू नका. बिलही लगेच भरू नका.

आधी कोर्टाचं सांगतो. टेक्सासमधल्या काही कंपनीमालकांनी प्रेपसारख्या सेवा विम्यातून फुकट देण्याच्या सक्तीला आव्हान दिलं होतं. २७ जून २०२५ रोजी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी ते फेटाळलं. सवलत कायम आहे. २०१९ साली प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्स या तज्ज्ञांच्या मंडळाने प्रेपला ‘ए’ दर्जा दिला आणि अफोर्डेबल केअर अ‍ॅक्ट या आरोग्यविमा कायद्याप्रमाणे त्या दर्जाच्या सेवेवर कोपे (दर भेटीला रुग्णाने भरायची ठरावीक रक्कम) किंवा डिडक्टिबल लावता येत नाही. तरीही विमा कंपन्या तपासण्यांचे पैसे लावत राहिल्या, तेव्हा जुलै २०२१ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने लेखी खुलासा केला: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), लैंगिक आजारांच्या तपासण्या आणि त्यासाठीच्या व्हिजिट, सगळं यातच येतं.

मग बिल का आलं? अशा बिलांत बहुतेक वेळा घोळ कोडचा असतो. डॉक्टरांच्या बिलिंग ऑफिसला फोन करून विचारा, व्हिजिट आणि लॅब दोन्हींवर झेड२९.८१ हा कोड आहे का. ऑक्टोबर २०२३ पासून प्रेपसाठी हा वेगळा कोड आहे. नसेल, तर दुरुस्त क्लेम पाठवायला सांगा. अपील संपेपर्यंत खातं कलेक्शनला (वसुली कंपनीकडे) देऊ नका, हेही त्यांना लेखी कळवा. एक मात्र बघा: डॉक्टर इन-नेटवर्क (विमा कंपनीशी करार असलेले) असले तरी रक्त नेटवर्कबाहेरच्या लॅबला गेलं असेल, तर तुमची बाजू कमजोर होते. पुढच्या वेळी लॅबचं नाव आधी विचारून घ्या. २३ मार्च २०१० च्या आधीपासून न बदललेल्या ‘ग्रँडफादर्ड’ प्लॅनला हा नियम लागू नाही, पण असे प्लॅन आता थोडे उरलेत.

तेवढ्याने भागलं नाही, तर नकार मिळाल्यापासून १८० दिवसांत विमा कंपनीकडे अपील करा. २०२१ च्या खुलाशाचा उल्लेख करा, ईओबीची (विम्याने काय भरलं आणि तुमच्यावर काय टाकलं ते सांगणाऱ्या पत्रकाची) प्रत जोडा. झालेल्या सेवेबद्दल त्यांना ६० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तिथेही नाही म्हणाले, तर चार महिन्यांच्या आत बाहेरच्या तटस्थ संस्थेकडून फेरतपासणी मागता येते. तुमच्या नोकरीतला प्लॅन सेल्फ-फंडेड (उपचाराचे पैसे मालक स्वतःच भरतो असा) असेल, तर अमेरिकेच्या कामगार खात्याची मदतही मागा.

ऑफिसची भीती मी समजू शकतो. अपील विमा कंपनीकडे जातं, एचआरला मध्ये घ्यायची गरज नाही. प्लॅनकडची तुमची वैद्यकीय माहिती मालकाला नोकरीच्या निर्णयासाठी वापरता येत नाही. व्हिसाला धोका नाही. खुद्द एचआयव्ही असलेल्यांवरची प्रवेशबंदीसुद्धा जानेवारी २०१० मध्ये उठली. घरी कोणाच्या हाती ईओबीचं पाकीट पडू नये असं वाटत असेल, तर विमा कंपनीच्या पोर्टलवर कागदी टपाल आजच बंद करा.