उन्हाळ्यात टायरमधली हवा कमी करावी का?

प्रश्न : सकाळी पुण्याहून निघताना गाडीच्या चारही टायरमध्ये ३२ पीएसआय हवा भरली होती. भर दुपारी टेंभुर्णीला तपासली तर ३७ निघाली. हवा भरणारा म्हणाला, "पाच काढून टाका, नाहीतर सोलापूर गाठायच्या आत टायर फुटेल." काढायला हवी होती का?
– एक वाचक, विजापूर रोड, सोलापूर

उत्तर : अजिबात नाही. ३७ हा आकडा अगदी बरोबर आहे आणि तो गणितानं काढता येतो.

वायूचा दाब, आकारमान आणि तापमान एकमेकांना बांधलेले असतात. तापमान तेच ठेवून आकारमान निम्मं केलं की दाब दुप्पट होतो, हे रॉबर्ट बॉइलनं १६६२ मध्ये मांडलं. तापमान वाढलं की वायूला पसरायचं असतं. गड्ड्याच्या जत्रेतला फुगा उन्हात धरला तर थोडा फुगतो, कारण त्याचं रबर ताणलं जातं. टायर मात्र आतल्या तारांमुळे आणि धाग्यांमुळे फारसा ताणला जात नाही. आकारमान जवळपास तेच राहतं, म्हणून दाब वाढतो.

तो किती वाढतो, इथे अकरावीतली हुशार मुलंही चुकतात. समजा, टायरमधली हवा सकाळी २५ अंशांवर होती आणि दुपारी ६० अंशांवर गेली. २५ अंशांचे ६० अंश झाले म्हणजे दाब दुपटीहून जास्त, असं नाही. सेल्सिअसमध्ये २७३ मिळवून केल्व्हिनमध्ये मोजायचं : २९८ चे ३३३. शिवाय गेज बाहेरच्या हवेपेक्षा जास्त असलेला दाबच दाखवतो. आपल्याकडे बाहेरच्या हवेचा दाब सुमारे १४ पीएसआय. म्हणजे टायरमधला खरा दाब ४६. त्याला ३३३ नं गुणून २९८ नं भागा : साधारण ५१.४ येतात. त्यातून १४ वजा करा. उरले ३७.४!

आता पाच काढले असते तर? रात्री टायर गार झाल्यावर गेज २७ च्या आसपास आलं असतं. दुसऱ्या दिवशी तशाच टायरवर निघालात की त्याच्या बाजू जास्त वाकतात, त्या वाकण्यानं आणखी तापतात, आणि महामार्गावर टायर फुटण्याचं ते एक मोठं कारण आहे. 'उन्हाळ्यात हवा कमी ठेवा' हा सल्ला मला म्हणूनच धोक्याचा वाटतो.

हवा सकाळी, गाडी पळवण्याआधी तपासा. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतं. दुपारी तीन टायर ३७ आणि एकच ३२ दाखवत असेल, तर त्या एकाचा वॉल्व्ह आणि पंक्चर लगेच बघून घ्या.