बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरातले आजोबा विचारतात: आठवीतली नात मोबाइलवर अभ्यास करते, मला फोन उचलण्यापलीकडे काही येत नाही, मी तिला काय मदत करणार?

भरपूर करू शकता, आणि त्यासाठी आधी मोबाइल शिकायची गरज नाही: तिने पाहिलेला धडा मोबाइल बाजूला ठेवून तुम्हाला समजावून सांगायला लावा. मी बेळगावकडे मराठी माध्यमाच्या शाळेत बरीच वर्षं गणित शिकवलंय. व्हिडिओ बघताना मुलांना सगळं कळल्यासारखं वाटतं, पण कोरी वही पुढे ठेवली की दुसऱ्या-तिसऱ्या पायरीला पेन थांबतं. ती जागा तुम्हाला बसल्या बसल्या दिसेल. क्षेत्रफळाचा धडा असेल तर तिला शेतात घेऊन जा. ३३ फूट बाजूचा चौरस म्हणजे एक गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर, हे तुम्हाला तोंडपाठ आहे. बांध टेपनं मोजायला लावा आणि गुंठे तिला काढू द्या. हे गणित ती विसरणार नाही, अगदी खात्रीनं सांगतो.

एक मात्र जरूर बघा. यूट्यूबवरचे मराठी धडे बहुतेक महाराष्ट्र बोर्डाचे असतात आणि आपली मुलं कर्नाटकाची पुस्तकं शिकतात. धड्यांचा क्रम आणि काही भाग वेगळा असतो. म्हणून व्हिडिओ लावण्याआधी धड्याचं नाव तिच्या पुस्तकाशी ताडून पाहा. पुस्तकात क्यूआर कोड छापलेला असेल तर आधी तोच दीक्षा या सरकारच्या शालेय अभ्यासाच्या ॲपवर स्कॅन करायला सांगा.