एका वडिलांचा प्रश्न: मुलीने ए-लेव्हल (ब्रिटनमधलं बारावीच्या तोडीचं शिक्षण) अर्ध्यावर सोडलं, तिच्यासाठी मी देतो ती पोटगी लगेच थांबते का?

नाही. ब्रिटनमध्ये चाइल्ड मेंटेनन्स सर्व्हिसची (मुलांच्या पोटगीची सरकारी यंत्रणा) पोटगी साधारणपणे चाइल्ड बेनिफिटच्या (मुलांसाठी पालकांना मिळणारा सरकारी भत्ता) हक्काबरोबर संपते. शिक्षण सोडल्यावर फेब्रुवारीअखेर, ३१ मे, ३१ ऑगस्ट, ३० नोव्हेंबर यांपैकी जी तारीख आधी येईल ती धरतात. तुमच्या १७ वर्षांच्या मुलीने ऑक्टोबरमध्ये कॉलेज सोडलंय, म्हणजे ३० नोव्हेंबर. आठवड्याला २४ तास किंवा जास्त पगारी काम धरलं तर हक्क आधीच जातो. उलट सरकारी करिअर सेवेत नाव नोंदवलं, तर चाइल्ड बेनिफिट घेणाऱ्या आईने अर्ज केल्यावर २० आठवड्यांची मुदतवाढ मिळू शकते. ही शक्यता गृहीत धरा. कोर्टाचा आदेश असेल तर त्यातली तारीख बघा. आणि हो, परस्पर पैसे थांबवू नका, आधी सर्व्हिसला कळवा; थकबाकी मानगुटीवर बसते.